सनदेच्या क्रमानं गाणी

वकिलांना गाणं कळत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या बाररूममध्ये जेवणाच्या सुटीत डब्यांची झाकणं उघडली की कोणी ना कोणी गुणगुणायला लागतं. फौजदारीतले एक ज्येष्ठ तर तंबाखू मळताना असा काही आलाप घेतात की बाहेरच्या बाकावरचे पक्षकार कान टवकारतात. तेव्हा कळण्याचा प्रश्न नाही. अडचण अशी की वकिलाला दुसऱ्याचं शांतपणे ऐकून घेता येत नाही. दुसरा बोलायला लागला की आपली पाळी कधी येते याकडेच त्याचं लक्ष. काळा कोट खुंटीला टांगता येतो, ही खोड टांगता येत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतल्या वकिलांचं मिळून आमचं एक सांस्कृतिक मंडळ आहे. थंडी ओसरायच्या सुमारास दरवर्षी त्याचा मेळावा होतो. आजवर एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि कराओके यावर भागत होतं. यंदा कोणाच्या तरी मनात आलं की खरा वाद्यवृंद आणायचा. नागपूरचा, जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा, व्हायोलिनवाल्यांची अख्खी रांग, सॅक्सोफोन, बासरी, अ‍ॅकॉर्डियन असा सगळा सरंजाम असलेला. गाणार आम्ही वकील, साथ त्यांची. ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्यात एकमत होतं म्हणजे काहीतरी बिनसणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कार्यकारिणीत मी एकटी बाई. दिवाणीत तीस वर्षं घासली, पण मेळावा आला की माझ्याकडे रांगोळी, सत्काराचं ताट आणि पुष्पगुच्छ एवढीच खाती येतात. यंदा मी भांडून गाण्यांचं खातं मागून घेतलं. सगळ्यांना वाटलं मॅडमला गायची हौस आली. हौस मला होतीच, थोडीफार गातेही मी. पण खरं कारण माझी ज्युनिअर होती.

मुलगी गडचांदूरची. वडील सिमेंट कारखान्याच्या खाणीत डंपर चालवतात. आई रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायकांबरोबर गाणी म्हणते, पोरगी तिच्या मांडीवर बसून तिथेच गायला शिकली. माझ्या ऑफिसात आली तेव्हा खाली मान घालून टायपिंग करायची आणि टायपिंग करताना गुणगुणायची. मी एकदोनदा दटावलं. मग एकदा जिवतीला शेताच्या हद्दीची मोजणी होती म्हणून आम्ही दोघी गेलो. परतताना घाटात गाडी तापली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, मी रस्त्याच्या कडेला उभी राहून एका अशिलाशी फोनवर बोलत होते, आणि ही दगडावर बसून एक जुनं, संथ हिंदी गाणं म्हणायला लागली. ड्रायव्हर हातातली पाण्याची बाटली तशीच धरून उभा राहिला. मी अशिलाचा फोन मध्येच बंद केला. मी अशिलाचा फोन बंद केला, यावरून काय ते समजा.

वाद्यवृंदाचं ठरलं त्या संध्याकाळीच मी तिला म्हटलं, तू गायचं. खूश झाली, पण उड्या वगैरे नाही मारल्या. फायलीला दोरी बांधता बांधता तिनं एकच विचारलं.

"मॅडम, तिथं माईकवर माझं नाव सांगतील न?"

हे तिनं का विचारलं ते मला माहीत होतं. आमच्या धंद्यात ज्युनिअरला नाव नसतं. मी वरच्या कोर्टात अडकलेली असले की खालच्या कोर्टात ती उभी राहते. पुकारा माझ्या नावाचा होतो, रोजनाम्यात माझं नाव पडतं, तारीख ती घेऊन येते. तिला वकिलीची सनद मिळाल्यावर तिचे आईवडील एकदा तिला काळ्या कोटात बघायला म्हणून मुद्दाम कोर्टात आले होते. शिपायानं नाव पुकारलं माझं, उभी राहिली ही. वडील गोंधळून शेजारच्याला विचारत होते की आपण चुकीच्या खोलीत तर नाही ना बसलो. तो किस्सा आम्ही ऑफिसात पुष्कळदा हसत सांगितलाय. ती पण हसायची. आता या कार्यक्रमाला ती दोघं पुन्हा येणार होती आणि यावेळी नाव चुकायला नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, सांगतील म्हणजे काय, मी स्वतः सांगेन.

मग झाली गाण्यांच्या यादीची बैठक. वाद्यवृंदाच्या संचालकांनी फोनवर मला नीट समजावलं होतं की आधी एखादं ठेक्याचं गाणं घ्या, मग संथ, मग युगुलगीत, ज्या गाण्यांना व्हायोलिनचं काम जास्त ती जवळजवळ ठेवा. मी तशी यादी करून नेली. अध्यक्षांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, यात सनदेचा क्रम कुठे आहे? मला आधी प्रश्नच कळला नाही. तर त्यांचं म्हणणं असं की पहिलं गाणं ज्याची वकिलीची सनद सगळ्यांत जुनी त्याचं, मग त्याच्या खालोखाल जुनी असेल त्याचं, असं करत खाली यायचं. कोर्टात ज्येष्ठाच्या आधी कनिष्ठ बोलतो का? मग स्टेजवर कसा गाईल?

मी म्हटलं, ही गाणी आहेत, युक्तिवाद नाहीत. यावर तीन जणांनी हरकत घेतली. एकानं मागच्या वर्षीच्या कराओकेचा दाखला दिला. दुसऱ्यानं दाखवून दिलं की तो दाखला लागू होत नाही, कारण तेव्हा वाद्यवृंद नव्हता. गडचिरोलीहून आलेल्या एका भाऊंनी मुद्दा काढला की दोघांची सनद एकाच दिवशीची असेल तर काय, आणि त्यावर चहा थंड होईपर्यंत चर्चा झाली. कोणती गाणी आहेत हे कोणी विचारलंच नाही. सनद धरून यादी झाली तेव्हा माझं गाणं खाली गेलं आणि वरची सगळी गाणी रडकी निघाली, कारण ज्येष्ठांना विरहच आवडतो. शेवटी एक पोटकलम आलं: ज्यांच्या सनदेला पाच वर्षं झालेली नाहीत त्यांनी गाऊ नये. माझ्या ज्युनिअरला तीनच झाली होती.

तिथे मात्र मी टेबल सोडलं नाही. बैठक उठायची वेळ झाली तरी मी उठेना. शेवटी कंटाळून अध्यक्षांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या हातानं तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, "वेळ उरल्यास". मी जिंकले असं समजून घरी आले. संचालकांना यादी पाठवली तर त्यांचा लगेच फोन. म्हणाले, मॅडम, ओळीनं एवढी दुःखी गाणी झाली तर लोक उठून जातील हो. मी म्हटलं, आमची माणसं उठून जात नाहीत, आपला नंबर लागेपर्यंत बसायची त्यांना सवय आहे.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. संध्याकाळी तोच हॉल एका लग्नाच्या स्वागत समारंभाला दिलेला, त्यामुळे दिवे लागायच्या आत आटपायचं असं हॉलवाल्यानं बजावून ठेवलं होतं. सकाळी तालमीला ज्येष्ठांपैकी एकही आला नाही. त्यांना तालमीची काय गरज. आली ती फक्त माझी ज्युनिअर, निळी साडी नेसून, केसांना तेल लावून, पहिल्या बसनं. रिकाम्या हॉलमध्ये व्हायोलिनवाल्यांनी त्या गाण्याची सुरुवात वाजवली, चांगली लांबलचक सुरुवात आहे ती, आणि संपता संपता हिनं सूर लावला. ती गायची ती पट्टी बरीच वरची, पण आवाज कुठे ताणल्यासारखा वाटला नाही. बासरीवाल्यानं नुसती मान हलवली. संचालकांनी कागदावर तिची पट्टी लिहून ठेवली आणि हेच सगळ्यांत छान होणार म्हणाले. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला रडू आलं. तीस वर्षांत कोर्टाच्या आवारात पुष्कळांना रडताना पाहिलं, स्वतःचं असं काही झालं नव्हतं.

दुपारी तिचे आईवडील आले. मी त्यांना हाताला धरून तिसऱ्या रांगेत बसवलं. वडिलांचा शर्ट इस्त्रीचा, आईच्या मांडीवर पिशवी. मी सत्काराचं ताट बघायला आत गेले आणि बाहेर येते तर तिथे दुसरीच मंडळी. पाठीला पांढरं कापड चढवलेल्या खुर्च्या सभासदांच्या कुटुंबीयांसाठी आहेत, असं सांगून एका स्वयंसेवकानं दोघांना शेवटी दारापाशी नेलं होतं. तो स्वयंसेवक म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी ज्युनिअर. मी त्याला झापलं, तर तो म्हणाला, आमच्या सरांनीच सांगितलं. मी त्या दोघांना पुढे बोलवायला गेले. वडील म्हणाले, राहू द्या बाई, इथून बी दिसते.

पुढे काय झालं ते आठवलं की अजून डोकं तापतं. प्रमुख पाहुणे न्यायाधीश, ते आल्याशिवाय सुरुवात नाही. ते आले, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार. सत्कारही सनदेच्या क्रमानं. शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा फोटो, कारण पहिल्यात एकाचे डोळे मिटलेले. वाद्यवृंदातली माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसलेली. कोणी सूर जुळवायला व्हायोलिनवर गज फिरवला की अध्यक्ष वळून बघायचे.

गाणी सुरू झाली तेव्हा पहिल्या ज्येष्ठांनी सम चुकवली. चुकली तर चुकली, पुढे जायचं ना. त्यांनी हात वर करून सगळा वाद्यवृंद थांबवला आणि म्हणाले, पुन्हा घ्या. जसं काही साक्षीदाराला प्रश्न परत विचारतायत. पुन्हा घेतलं. पुन्हा चुकली. दुसऱ्यांनी गाण्याआधी त्या गाण्याची पार्श्वभूमी सांगितली, आणि ती गाण्याहून लांब निघाली. तिसऱ्यांना मधल्या संगीताचा राग यायचा. व्हायोलिन सुरू झाली की ते अस्वस्थ होऊन मध्येच पुढचं कडवं धरायचे, आणि ती रांगच्या रांग गज हवेत धरून थांबायची. नागपूरहून एवढी माणसं आणली होती आणि त्यांना धड चार ओळी कोणी वाजवू दिल्या नाहीत. टाळ्या मात्र प्रत्येकाला कडाडून. ज्येष्ठांच्या गाण्याला टाळ्या वाजवायच्या नाहीत तर उद्या त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं?

ज्युनिअर स्टेजच्या बाजूच्या पडद्याशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही, साडी चुरगळेल म्हणाली. ती सारखी हॉलच्या दाराकडे बघत होती. तिथून स्वागत समारंभवाल्यांचे लोक मोठमोठी भांडी आत आणायला लागले होते.

अखेर अध्यक्ष माझ्याजवळ आले. वेळ संपत आली, म्हणाले, आता फक्त ज्येष्ठांतले शेवटचे दोघं आणि तुम्ही, मग आभार. "वेळ उरल्यास" वाल्यांचं पुढच्या वर्षी बघू. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, मॅडम, यादीत लिहिलेलंच आहे तसं. माझ्यासमोर लिहिलेलं होतं, मी मान्य केलेलं होतं. मला स्वतःचाच संताप आला. पक्षकाराला आम्ही रोज सांगतो, सही करण्याआधी वाचत जा.

आणि तेव्हा मला युक्ती सुचली. माझा नंबर आहे ना? मग मी माझ्या ज्युनिअरला उभं करते. सीनिअर दुसरीकडे अडकला तर ज्युनिअर त्याच्या वतीनं उभा राहतो, याला कोणतं कोर्ट नाही म्हणतं? मी तसं म्हटल्याबरोबर अध्यक्षांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या नियमात बसत होतं. माझ्या नावाचा पुकारा करू, म्हणाले, ती येऊन म्हणेल, काही हरकत नाही. मी तडक संचालकांकडे गेले, सांगितलं की माझ्या गाण्याच्या जागी सकाळचं तिचं गाणं घ्या, तिच्याच पट्टीत. ते एवढे खूश झाले की उठून स्वतः व्हायोलिनवाल्यांपुढचे कागद बदलून आले.

मग मी पडद्यामागे गेले आणि तिला सांगितलं. मला वाटलं ती माझा हात धरेल. ती म्हणाली, "माईकवर कोणाचं नाव घेतील?"

मी म्हटलं, "माझं. पण गाशील तू. रोजचंच त आहे हे."

तिनं हातात धरलेला पडदा सोडला.

"नाई मॅडम," ती म्हणाली. "कोर्टात तुमच्या नावानं उभी राह्यते मी, ते काम हाय. हे गाणं माझं हाय. हे तुमच्या नावानं नाई म्हणत मी."

माझं डोकंच फिरलं. मी तिला म्हटलं की सकाळपासून, नव्हे, त्या बैठकीपासून मी कोणासाठी करून राह्यली हे सगळं? नाव नाव काय घेऊन बसलीस, एकदा गळा उघडला की लोकच विचारतील कोण आहे ही. आईबाप दाराशी बसलेत तुझे. ती सगळं ऐकत होती. तुमी माझ्यासाठीच केलं, मले माहीत हाय, एवढंच म्हणाली आणि पदर सारखा करत राहिली. अजूनही मला वाटतं की तिनं गायला हवं होतं. दहा जणांपुढे मांडलं तर दहाच्या दहा जण माझ्या बाजूनं निकाल देतील, आणि तरी मी ते अजून कोणापुढे मांडलेलं नाही.

तेवढ्यात शेवटचे दोघं ज्येष्ठ आटपले आणि माझं नाव पुकारलं गेलं. आता लोक मला विचारतात, म्हणजे मीच मला विचारते, की तू स्टेजवर जाऊन माईक हातात घेऊन सरळ तिचं नाव का नाही सांगितलंस? मी तिला कबूल केलं होतं, मी स्वतः सांगेन म्हणून. सुचलं नाही. पुकारा झाला की पाय आपोआप चालायला लागतात. तीस वर्षांत माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मी गैरहजर, असं कधी झालेलं नाही. समोर पहिल्या रांगेत न्यायाधीश. मी माईकपाशी जाऊन उभी राहिले आणि सवयीनं मान झुकवली. संचालकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, ती दिसेना, आणि त्यांनी हात उचलला.

व्हायोलिन सुरू झाली. संपूर्ण दुपारभरात पहिल्यांदा ती रांग पूर्ण वाजली, कारण मला कुठून उचलायचं तेच माहीत नव्हतं आणि मी मध्ये तोंड घातलं नाही. इतकं सुंदर काही त्या हॉलमध्ये त्या दिवशी झालं नव्हतं. मग माझी जागा आली. गाणं मला पाठ होतं, एवढे दिवस ऑफिसात ऐकून झालेलंच होतं. पट्टी मात्र तिची. मुखडा कसाबसा निभावला, अंतऱ्याला माझा आवाज चिरकला, वरच्या सुरावर तर नुसतीच हवा बाहेर आली. मी म्हणत राहिले. बासरीवाला खाली बघून वाजवत होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन ज्येष्ठ उभे राहिले. न्यायाधीश आभाराच्या वेळी म्हणाले की मॅडमचा हा गुण आम्हाला ठाऊक नव्हता. मला तो माईक कोणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता, फक्त कोणाच्या ते ठरत नव्हतं. स्टेजवर मागे व्हायोलिनवाल्यांनी वाद्यं पेट्यांत ठेवायला घेतली.

हॉलबाहेर चप्पलांच्या गर्दीत तिचे आईवडील भेटले. ज्युनिअर त्यांच्याजवळच उभी होती, आईची पिशवी हातात घेऊन. वडिलांनी मला नमस्कार केला आणि ओशाळल्यासारखे हसले.

"बाई, पोरीचं गाणं हुकलं आमचं," ते म्हणाले. "त्या भांडेवाल्याईनं खुर्च्या हटवल्या, त आमी तेवढ्यात चहा प्याले गेलो. तेव्हाच झालं असन. तुमचं मात्र पुरं आयकलं."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हो बाबा. तेव्हाच झालं." अगदी साधेपणानं म्हणाली.

आईचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. तिनं मुलीचा दंड धरला.

"नाव घेतलं का तुयं माईकवर?"

एवढ्याचं उत्तर तिनं दिलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, मग आई बघायला लागली, मग वडीलही.

"घेतलं," मी म्हटलं.

आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग झालं," ती म्हणाली. "आमी नाई आयकलं, पण एवढ्या लोकाईनं त आयकलं न."